बिझेनच्या भांड्याला झिलई का नसते?

जपानी हस्तनिर्मित भांड्यांच्या प्रदर्शनात गेल्यास एकमेकांशी काही नाते नसावे अशी दोन भांडी एकाच दालनात मांडलेली दिसतात. एक तांबूस तपकिरी, हाताला खरखरीत लागणारे, एका खांद्यावर पिवळसर ठिपके उडालेले आणि कुठेही झिलई नसलेले असते. दुसरे पांढरेशुभ्र आणि पातळ असते, उजेडासमोर धरले तर किंचित पारदर्शक वाटते आणि त्यावर निळ्या रंगाची बारीक नक्षी असते. पहिले होन्शू बेटावरील ओकायामा प्रांतातल्या बिझेनचे आणि दुसरे क्यूशू बेटावरील आरिताचे. पहिल्या भांड्याच्या खडबडीतपणाचे श्रेय बहुतेक लेखांत जपानी लोकांच्या साधेपणाच्या ओढीला दिलेले असते. ही समजूत अगदीच खोटी म्हणता येणार नाही, पण ती अर्धी आहे आणि तिच्यामुळे मूळ कारण झाकले जाते. बिझेनच्या कुंभारांनी झिलई सोडली याचे पहिले कारण असे की त्यांच्या मातीवर झिलई टिकत नव्हती. जपानमधील बहुतेक कुंभारगावांच्या भांड्यांचे रूप तिथल्या जमिनीने काय करू दिले आणि काय करू दिले नाही यातून घडले आहे. आवडनिवड आणि तत्त्वज्ञान त्यानंतर आले. हा धागा हाती धरला की बाहेरून गूढ वाटणारे हे क्षेत्र पुष्कळ सोपे होते.

सुरुवातीला मातीचे भांडे भाजताना काय होते ते पाहू. चिकणमाती म्हणजे अतिसूक्ष्म चपट्या कणांचा समूह असतो आणि त्या कणांमधल्या पाण्यामुळे तिला हवा तो आकार देता येतो. माती वाळते तेव्हा पाणी जाते, कण एकमेकांच्या जवळ सरकतात आणि भांडे आकसते. भट्टीत सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत कणांच्या रचनेत बांधले गेलेले पाणीही निघून जाते आणि त्यानंतर ती माती पुन्हा कधी चिखल होऊ शकत नाही. पुढे किती तापवायचे यावर भांड्याची जात ठरते. आपला माठ कमी तापमानाला भाजलेला असतो, म्हणून त्याच्या अंगात छिद्रे राहतात आणि झिरपणाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाने आतले पाणी गार होते. लोणच्याची बरणी 1200 अंशांच्या आसपास भाजलेली असते, तिच्यातील काही घटक वितळून छिद्रे बुजवतात आणि खार बाहेर येत नाही. त्याहून पुढे, दगड कुटून केलेल्या विशिष्ट पांढऱ्या मिश्रणाला सुमारे 1300 अंशांपर्यंत नेले की पोर्सेलिन मिळते. जपानमध्ये या तिन्ही जातींची भांडी आजही हाताने घडवली जातात.

झिलई, म्हणजे कारागिरांच्या बोलण्यातले ग्लेझ, ही भांड्यावर वितळवलेली काचच असते. काच बनवणारे सिलिका एकटे वितळायला 1700 अंशांहून अधिक उष्णता लागते आणि तितके तापमान भांड्यांच्या नेहमीच्या मातीला सोसत नाही. म्हणून त्यात चुना, फेल्डस्पार नावाचे खनिज किंवा लाकडाची राख असे वितळणबिंदू खाली आणणारे पदार्थ घालतात. अॅल्युमिनाचे, म्हणजे मातीतील अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, प्रमाण सांभाळले म्हणजे वितळलेली काच ओघळून खाली जात नाही. भट्टी थंड होत असताना माती आणि झिलई दोन्ही आकसतात. झिलई अधिक आकसली तर तिच्यावर बारीक भेगांचे जाळे पडते, आणि मातीच फार आकसली तर झिलईचे टवके उडतात. बिझेनच्या प्रश्नाचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे, पण तिकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास आवश्यक आहे.

जपानमधील जोमोन काळातील मातीची भांडी जगातील सर्वांत जुन्या भांड्यांत मोडतात. उत्तरेकडील आओमोरी प्रांतात सापडलेल्या तुकड्यांचे वय सुमारे 16,000 वर्षे मानले जाते. ती भांडी उघड्या जाळात भाजलेली होती. पाचव्या शतकात कोरियन द्वीपकल्पातून आलेल्या कारागिरांनी फिरते चाक आणि उतारावर बांधलेली बोगद्यासारखी बंदिस्त भट्टी आणली. या भट्टीला आनागामा म्हणतात. बंदिस्त भट्टीमुळे तापमान 1200 अंशांच्या जवळ गेले आणि एक नवी गोष्ट कारागिरांच्या लक्षात आली: सरपणाची राख ज्वाळेबरोबर उडून भांड्यांच्या खांद्यांवर बसत होती आणि तिथेच वितळून हिरवट काच होत होती. कोणीही न लावलेली ही झिलई होती. मध्ययुगापासून सलग काम करत आलेल्या बिझेन, शिगाराकी, ताम्बा, एचिझेन, सेतो आणि तोकोनामे या सहा केंद्रांना दुसऱ्या महायुद्धानंतर अभ्यासक कोयामा फुजिओ यांनी ‘सहा प्राचीन भट्ट्या’ असे नाव दिले आणि 2017 मध्ये जपान सरकारने त्यांचा ‘जपान वारसा’ या यादीत समावेश केला.

बिझेनचे कुंभार मुख्यतः इम्बे या गावात राहतात. त्यांची उत्तम माती भातखाचरांच्या खाली काही मीटर खोलीवर पातळ थरात मिळते आणि तिला हियोसे म्हणतात. ती काळपट, विलक्षण चिकट, सेंद्रिय अंशाने आणि लोहाने भरलेली असते. खणून काढल्यावर ती उघड्यावर ऊन, पाऊस आणि थंडी खात पडू देतात, मग काड्या आणि खडे वेचतात, भिजवतात, मळतात आणि पुन्हा मुरत ठेवतात. काही घराण्यांत वडिलांनी साठवलेली माती मुलगा वापरतो. चाकावर ही माती अतिशय आज्ञाधारक असते. भट्टीत मात्र तिचे वागणे अगदी वेगळे असते. वाळताना आणि भाजताना मिळून ती इतकी आकसते की भांडे जवळजवळ एक पंचमांश लहान होते. तिच्यावर घातलेला झिलईचा थर टिकत नाही. भरभर तापवली तर आतला सेंद्रिय अंश जळताना भांडे फुगते किंवा फुटते. म्हणजे झिलई लावायची नाही आणि घाईही करायची नाही, ही दोन बंधने जमिनीनेच घातलेली आहेत.

यावर बिझेनच्या कुंभारांनी काढलेला मार्ग मला कोणत्याही देशातील हस्तकलेतील अत्यंत बुद्धिमान तोडग्यांपैकी एक वाटतो. त्यांनी भाजणीचा काळ दहा दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत लांबवला आणि भांड्याच्या पृष्ठभागाचे सगळे काम ज्वाळा, राख आणि निखारे यांच्यावर सोपवले. सरपण लाल पाइनचे वापरतात, कारण राळेमुळे त्याची ज्वाळा लांब जाते आणि त्याची राख भांड्यावर नीट वितळते. भट्टी पेटली की रात्रंदिवस पाळीपाळीने सरपण घालावे लागते. इतका खर्च आणि श्रम असल्यामुळे अनेक कुंभार वर्षातून एकदा किंवा दोनदाच भट्टी लावतात. एका भाजणीत अर्ध्या वर्षाची मिळकत पणाला लागलेली असते.

भट्टी रचण्यालाच कित्येक दिवस लागतात, आणि खरे कौशल्य तिथे दिसते, कारण भांडे कुठे ठेवले यावर त्याचा रंग ठरतो. जाळाच्या तोंडाशी ठेवलेल्या भांड्यांवर राख बसून तिळासारखे पिवळसर ठिपके उमटतात. त्यांना गोमा, म्हणजे तीळच, म्हणतात. जमिनीलगत निखाऱ्यांत अर्धे गाडले गेलेले भांडे प्राणवायूविना भाजले जाते आणि राखाडी, निळसर, मधूनच काळे होते. हा सांगिरी परिणाम. ताटावर मातीची गोल चकती किंवा दुसरे लहान भांडे ठेवले तर त्याखालच्या जागेवर राख पोचत नाही आणि तिथे तांबूस वर्तुळ उमटते. त्याला एका गोड पदार्थाच्या नावावरून बोतामोची म्हणतात.

यांतील हिदासुकी हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. फिक्या, बदामी रंगाच्या थाळीवर कोणी शेंदरी दोरे टाकून उचलून घ्यावेत तशा रेघा त्यात दिसतात. एका रेघेवर बोट फिरवले तर उंचवटा जाणवत नाही, कारण तिथे रंग लावलेलाच नसतो. रचलेली भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून जुने कुंभार मध्ये भाताचा पेंढा घालत असत. पेंढ्यात पोटॅशियम भरपूर असते. पेंढा जळून जातो, पण त्यातील पोटॅशियम मातीच्या पृष्ठभागाशी संयोग पावून तेवढ्याच पट्ट्यात एक अतिशय पातळ वितळलेला थर तयार करते, आणि भट्टी सावकाश थंड होत असताना मातीतील लोह त्या थरात हेमॅटाइट या लोहाच्या ऑक्साइडच्या लाल स्फटिकांच्या रूपाने बाहेर येते. रेघ लाल होते ती यामुळे. पेंढा नव्हता तिथे माती फिकी राहते. थंड होण्याचा वेग बदलला तर रंगही बदलतो. आजचा कुंभार पेंढा ओला करून, कुटून मऊ करून, मोजक्या काड्या निवडून गुंडाळतो. कुठे रेघ हवी हे त्याला ठाऊक असते, ती नेमकी कशी वळेल हे मात्र नसते. ‘अपघाताचे सौंदर्य’ या शब्दांत या कामाचे वर्णन केले जाते तेव्हा मला ते अन्यायाचे वाटते, कारण अपघात घडावा म्हणून इतकी तयारी कोणी करत नसतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिझेनची ही विद्या जवळपास हरवली होती. बाजारात स्वस्त पोर्सेलिन आले होते आणि इम्बेतील कारागीर शोभेच्या मूर्ती करून पोट भरत होते. कानेशिगे तोयो (1896–1967) हेही आधी मूर्तीच करत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चहाच्या विधीसाठी घडवलेल्या बिझेन भांड्यांचा त्यांनी ध्यास घेतला, माती तयार करण्याच्या आणि भट्टी रचण्याच्या जुन्या पद्धती प्रयोगांतून पुन्हा उभ्या केल्या, आणि 1956 मध्ये त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळाला. पुढे फुजिवारा केई, यामामोतो तोशू, फुजिवारा यू आणि 2004 मध्ये इसेझाकी जुन अशा आणखी चौघा बिझेन कुंभारांना तो मिळाला. ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हे बोलीभाषेतले नाव आहे. कायद्याच्या भाषेत ती व्यक्ती ‘महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक संपदेची धारक’ असते. पुरस्कारापेक्षा ही व्यवस्था बरीच वेगळी आहे. धारकाला सरकारकडून दरवर्षी 20 लाख येन मिळतात आणि त्याबदल्यात त्याने ती विद्या पुढच्या पिढीला शिकवावी अशी अपेक्षा असते. 1955 मध्ये पहिली नियुक्ती झाली तेव्हा मृत्कलेतून हामादा शोजी, तोमिमोतो केन्किची, आराकावा तोयोझो आणि इशिगुरो मुनेमारो यांची निवड झाली होती.

आता आरिताकडे वळू. तिथे कथा माती नसण्यापासून सुरू होते, कारण पोर्सेलिन दगडापासून बनते. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या सैन्याने 1592 ते 1598 या काळात कोरियावर दोन वेळा आक्रमण केले आणि परतताना पश्चिम जपानच्या सरदारांनी कोरियन कुंभारांना आपल्याबरोबर आणले. त्यांतील अनेकांना जबरदस्तीने आणले होते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. हागी, आरिता, सात्सुमा या आज नावाजलेल्या घराण्यांचा पाया त्या लोकांनी घातला. परंपरा असे सांगते की 1616 मध्ये यी साम-प्योंग या कोरियन कुंभाराला आरिताजवळच्या इझुमियामा टेकडीत योग्य दगड सापडला आणि जपानमध्ये पोर्सेलिनचा जन्म झाला. सतराव्या शतकाच्या मध्यापासून ही भांडी इमारी बंदरातून नागासाकीला जाऊ लागली आणि तिथून डच व्यापारी ती युरोपात नेऊ लागले, म्हणून युरोपात ती ‘इमारी’ या नावाने ओळखली गेली. आता आरितात वापरला जाणारा दगड प्रामुख्याने कुमामोतो प्रांतातील आमाकुसा बेटांवरून येतो. दगडाचे पीठ करणे, आकार देणे, निळी रेघ काढणे, रंग भरणे ही कामे पूर्वापार वेगवेगळ्या हातांत वाटलेली आहेत, त्यामुळे आरिताच्या थाळीत एका माणसाचा हात शोधणे व्यर्थ असते. शेजारच्या नागासाकी प्रांतातील हासामी गावाने हेच श्रमविभाजन रोजच्या स्वस्त भांड्यांसाठी राबवले. त्यांचा माल बराच काळ आरिताच्या नावाने विकला जात होता आणि 2000 च्या आसपास मूळ स्थानाच्या नोंदीबाबत काटेकोरपणा आल्यावर हासामीला स्वतःचे नाव मिळाले.

तोक्योच्या उत्तरेला तोचिगी प्रांतातील माशिकोची माती या दोन्हींहून वेगळी आहे. ती वाळूमिश्रित आणि भरड असते, पातळ ओढता येत नाही. तिथे 1853 मध्ये काम सुरू झाले ते पाण्याचे माठ, खरल, लोणच्याच्या बरण्या अशा जड स्वयंपाकी वस्तूंचे. हामादा शोजी 1924 मध्ये इथे येऊन राहिले. ते त्यापूर्वी बर्नार्ड लीच या ब्रिटिश कुंभाराबरोबर इंग्लंडमधील सेंट आइव्हज येथे भट्टी उभारून आले होते, म्हणजे जगातील कुठलीही माती त्यांना मागवता आली असती. त्यांनी माशिकोची भरड माती, जवळच्या दगडाच्या चूर्णाची गडद तपकिरी झिलई आणि भाताच्या तुसांच्या राखेची दुधाळ पांढरी झिलई यांवरच मुख्यतः आयुष्यभर काम केले. जाड भिंत, रुंद बूड, ओघळून थांबलेली झिलई हे आज ‘माशिको शैली’ म्हणून ओळखले जाणारे रूप त्या भरडपणाला मानूनच घडले.

हामादा, कुंभार कावाई कान्जिरो आणि विचारवंत यानागी सोएत्सु यांनी 1925 च्या सुमारास लोककलेची चळवळ सुरू केली, जिला मिंगेई म्हणतात. अनाम कारागिराने रोजच्या वापरासाठी, मोठ्या संख्येने आणि स्वस्तात केलेल्या वस्तूत एक निरोगी सौंदर्य असते, असा तिचा आग्रह होता. 1936 मध्ये तोक्योत तिचे संग्रहालय उभे राहिले. या विचाराचे एक टोक भारतातही पोचले होते: दिल्लीचे सरदार गुरचरण सिंग 1919 मध्ये मृत्कला शिकायला जपानला गेले तेव्हा यानागी आणि हामादा यांच्या वर्तुळाशी त्यांची ओळख झाली, आणि भारतातील स्टुडिओ मृत्कलेचा आरंभ त्यांच्या दिल्ली ब्लू पॉटरीपासून मानला जातो. चळवळीतला अंतर्विरोध मात्र उघड आहे. अनाम कारागिराचे गुण गाणारे लोक स्वतः नामवंत झाले, त्यांच्या वाडग्यांच्या किमती सामान्य घराच्या आवाक्याबाहेर गेल्या. हामादा भांड्यावर सही करत नसत, तरी त्यांच्या हस्ताक्षरातील लाकडी खोका बरोबर असला की भांड्याचे मोल वाढते.

मिंगेईचा आदर्श प्रत्यक्षात कुठे टिकून असेल, तर तो ओइता प्रांतातील ओन्ता या डोंगरातल्या वस्तीत. 1705 मध्ये सुरू झालेल्या या वस्तीत आज दहाच्या आसपास कुंभारघरे आहेत. तिथली माती कुंभारांच्या घरामागच्या डोंगरातून मऊ खडकाच्या रूपाने येते आणि ती कुटावी लागते. हे काम ओढा करतो. कारा-उसू नावाच्या यंत्रणेत पाइनच्या लांब तुळईच्या एका टोकाला खोलगट डोण कोरलेली असते. ओढ्याचे पाणी डोणीत भरते, ते टोक जडावून खाली झुकते, पाणी सांडते, हलकी झालेली तुळई परत उलटते आणि दुसऱ्या टोकाचे मुसळ दगडावर आदळते. असे दिवसरात्र चालते आणि एक घाणा पुरेसा बारीक व्हायला काही आठवडे जातात. ओढा जितकी माती देईल तितकीच भांडी होणार, म्हणून इथे उत्पादन वाढवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विद्या घरातल्या घरातच दिली जाते, बाहेरचा शिकाऊ घेतला जात नाही, आणि भांड्याच्या बुडावर कुंभाराचे नाव नसून फक्त ओन्ताचा शिक्का असतो. अर्धवट वाळलेल्या पांढऱ्या लेपावर पोलादी पट्टीचे लवचीक टोक टेकवून चाक फिरवले की ती थरथरत उड्या मारते आणि शेकडो बारीक टिचक्यांची रांग उमटते. ओन्ताची थाळी ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. 1995 मध्ये सरकारने ओन्ताच्या तंत्राला महत्त्वाची अमूर्त सांस्कृतिक संपदा म्हणून मान्यता दिली. या व्यवस्थेबद्दल मला आदर आहे, पण तिची किंमत घरातील धाकट्या मुलांनी आणि मुलींनी मोजली आहे, कारण एका घरातून चाकावर बसायला सहसा एकच वारस.

हे झाले मातीचे. भांडे कशासाठी आहे हेही त्याच्या रूपात उतरते. जपानी जेवणात भाताचा वाडगा आणि सूपचा वाडगा हातात उचलून तोंडाजवळ नेतात. त्यामुळे वाडगा तळहातात मावला पाहिजे, आतले गरम असताना बाहेरून धरता आला पाहिजे, आणि त्याच्या बुडाशी अंगठा व बोटे टेकवायला कडे असले पाहिजे. या कड्याला कोदाई म्हणतात. जाणकार माणूस वाडगा हातात आला की तो उलटा करून कोदाई पाहतो, कारण तिथे बहुधा झिलई नसते, मूळ माती उघडी दिसते आणि कुंभाराने शेवटचा काप कसा मारला हे कळते. अनेक घरांत प्रत्येकाचा भाताचा वाडगा आणि चहाचा पेला वेगळा असतो आणि बदलत नाही. जेवणाच्या पाटावर एकसारखा संच मांडण्याची सक्तीही नसते. मासा बिझेनच्या थाळीत, लोणचे आरिताच्या चिमुकल्या बशीत, भात माशिकोच्या वाडग्यात, असे चालते, आणि कोणत्या ऋतूत कोणते भांडे काढावे यावर गृहिणी आणि खानावळीचे आचारी गंभीरपणे विचार करतात. एकेका कुंभाराला आजही गिऱ्हाईक मिळते त्यामागे हे मोठे कारण आहे, कारण सहा भांड्यांचा संच घ्यायची गरज नसलेला माणूस एक वाडगा सहज घेऊ शकतो.

मातीच्या स्वभावातून थेट उपयोग निघाल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे दोनाबे, विस्तवावर ठेवायचे मातीचे पातेले. मिए प्रांतातील इगा इथली माती प्राचीन बिवा सरोवराच्या तळाची आहे. तिच्यात कुजलेल्या वनस्पतींचे अवशेष असतात; भाजताना ते जळून जातात आणि भांड्याच्या अंगात असंख्य बारीक पोकळ्या उरतात. या पोकळ्यांमुळे उष्णता हळूहळू पसरते, टिकून राहते, आणि विस्तवाच्या धक्क्याने पडणारी तडा एका पोकळीशी येऊन थांबते. नवे दोनाबे आणले की त्यात आधी तांदळाची पातळ पेज शिजवून ती तशीच थंड होऊ देतात. पेजेतील पिष्ट बारीक छिद्रांत बसते आणि भांडे झिरपत नाही. परदेशी राहणाऱ्या ज्या मराठी घरांत असे भांडे येते, त्यांनी ही पायरी टाळू नये, ओल्या बुडाने ते विस्तवावर ठेवू नये आणि आत उरलेली आमटी रात्रभर ठेवू नये. बिझेनसारखी बिनझिलईची आणि हागीसारखी सच्छिद्र भांडी अन्न वाढण्याआधी काही मिनिटे पाण्यात बुडवून घेतात, म्हणजे तेल आणि हळद आत शिरत नाही. हागीच्या झिलईवरील भेगांतून चहा वर्षानुवर्षे मुरतो आणि वाडग्याचा रंग बदलत जातो. चहाच्या विधीतील लोक या बदलासाठीच तो घेतात.

समकालीन जपानी मृत्कला म्हणजे केवळ कुंभारगावे असा समज मात्र होऊ नये. 1948 मध्ये क्योतोत यागी काझुओ आणि त्यांच्या सोबत्यांनी सोदेइशा हा गट स्थापन केला आणि कशालाही उपयोगी नसलेल्या मातीच्या वस्तू, म्हणजे शिल्पे, भट्टीतून बाहेर काढली. आज कलाविद्यालयांतून बाहेर पडलेले शेकडो तरुण एखाद्या गावाशी जन्माचे नाते नसताना स्वतःच्या नावावर भांडी करतात. भट्टीजवळ स्त्रियांनी जाऊ नये अशी जुनी रूढी अनेक केंद्रांत होती. शिगाराकीत कोयामा कियोको (1936–2023) यांनी ती झुगारून लाकडी भट्टी लावली आणि राखेपासून आपोआप येणारी हिरवट झिलई पुन्हा मिळवून दाखवली. बहुसंख्य कुंभार आता गॅसची किंवा विजेची भट्टी वापरतात आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पोर्सेलिनवरची नाजूक रंगसंगती किंवा तांब्याची नेमकी हिरवी छटा हवी असेल तर राख आणि धूर ही अडचणच ठरते. लाकडी भट्टी म्हणजे श्रेष्ठ आणि विजेची म्हणजे खोटी अशी उतरंड विक्रेते लावतात. तिच्यावर विसंबून भांडे निवडू नये.

जमीन भांड्याचे रूप ठरवते म्हटल्यावर जमिनीला धक्का बसला तर काय होते, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जपानी कुंभारांपुढे प्रत्यक्ष उभा राहिला आहे. बिझेनची भातखाचराखालची माती पुन्हा तयार होणारी नाही आणि लाल पाइनची जंगले कीडरोगाने विरळ झाली आहेत, म्हणून तिथले कुंभार हियोसेमध्ये डोंगराची माती मिसळून वापरतात. जपानमधील बहुतेक दोनाबे इगात होत नाहीत, ते योक्काइची शहरातील बान्को नावाच्या भांड्यांच्या कारखान्यांत बनतात. तिथल्या मातीत विस्तवाचा धक्का सोसण्यासाठी पेटलाइट हे लिथियमयुक्त खनिज मोठ्या प्रमाणात घालतात आणि ते झिम्बाब्वेहून येत असे. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांसाठी लिथियमला मागणी वाढली, 2022 मध्ये तिथली खाण चिनी कंपनीने विकत घेतली आणि जेवणाच्या पातेल्याचा कच्चा माल दुर्मिळ झाला.

फुकुशिमा प्रांतातील नामिए गावाजवळ ओबोरी-सोमा भांडी होत असत. निळसर हिरव्या झिलईवर बारीक भेगांचे जाळे, धावता घोडा आणि हात पोळू नये म्हणून दुहेरी भिंत ही त्यांची लक्षणे आहेत. मार्च 2011 मधील अणुदुर्घटनेनंतर गाव रिकामे करावे लागले आणि कुंभार प्रांतात व प्रांताबाहेर विखुरले. भट्ट्या दुसरीकडे बांधता आल्या. झिलईसाठी लागणारा स्थानिक दगड किरणोत्सर्गामुळे वापरता येईना, म्हणून प्रांताच्या संशोधन केंद्रातील तंत्रज्ञांनी अन्य खनिजांपासून तशाच भेगा पडणारी झिलई जुळवून दिली आणि तिच्यावर काम पुन्हा सुरू झाले. नोतो द्वीपकल्पाच्या टोकावरील सुझूमध्ये याच्या नेमके उलट घडले. तिथे बाराव्या ते पंधराव्या शतकापर्यंत होणारी काळी, बिनझिलईची भांडी शतकानुशतके बंद पडली होती आणि 1970 च्या दशकात ती पुन्हा सुरू झाली. मे 2023 च्या भूकंपात अनेक भट्ट्या ढासळल्या, कुंभारांनी त्या दुरुस्त केल्या आणि 1 जानेवारी 2024 च्या मोठ्या भूकंपात त्या पुन्हा कोसळल्या. सुझूची लोहयुक्त माती मात्र होती तिथेच आहे. तिथल्या कुंभारांपुढचा प्रश्न विटांचा, घरांचा आणि मनुष्यबळाचा आहे.